ब्लॅक हिस्टरी मंथ करायचाय ना? मग भाकरीपासून सुरू करा

जानेवारी संपत आला की ऐरोली, घणसोली, महापे पट्ट्यातल्या कितीतरी ऑफिसांत एकच मेल येऊन पडते. अमेरिकेतल्या हेड ऑफिसची. फेब्रुवारी म्हणजे ब्लॅक हिस्टरी मंथ, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, तुमच्या साइटवर काय करताय ते शुक्रवारपर्यंत कळवा. एचआर ती मेल कल्चरल कमिटीकडे ढकलतं, आणि कमिटी म्हणजे कोण, तर दिवाळीला रांगोळी काढणारे आणि ट्रॅडिशनल डेला बक्षिसं वाटणारे आपलेच चार जण. त्यांच्याकडे ना वेळ ना बजेट, त्यामुळे जे पहिलं डोक्यात येतं तेच होतं. थीम डे.

आमच्याकडेही तेच झालं होतं, आणि पोस्टर मी स्वतः केलं होतं म्हणून सांगायला लाज वाटते पण सांगते. पोस्टरवर झेब्र्याचे पट्टे, एक ढोल, खाली 'जंगल वाइब्स'. त्या दिवशी फायनान्समधला एक मुलगा तोंडाला काळा रंग फासून, कमरेला दिवाळीच्या डेकोरेशनमधल्या सुतळीच्या झिरमिळ्या बांधून, हातात प्लास्टिकचा भाला घेऊन आला. सगळे हसले, फोटो काढले, फोटो ग्लोबल ग्रुपवर गेले. संध्याकाळी सातच्या कॉलला अटलांटाची आमची लीड, स्वतः ब्लॅक, एरवी पहिली पाच मिनिटं मुलाबाळांची चौकशी करणारी बाई, त्या दिवशी थेट अजेंड्यावर आली. ओरडली नाही, काही नाही. कॉल संपताना एवढंच म्हणाली की तो फोटो काढून टाका. त्या मुलाला तोवर कळलंच नव्हतं आपण काय केलंय, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच नव्हतं कळलं.

म्हणून आधी हे लिहून ठेवा, तोंडाला रंग फासायचा नाही म्हणजे नाही. १९व्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या गुलामांची टिंगल करणारे खेळ करायचे, ते तिकडे तुफान चालायचे, आणि त्यातल्या जिम क्रो नावाच्या पात्रावरून पुढे दक्षिणेतल्या भेदभावाच्या कायद्यांनाच जिम क्रो म्हणायला लागले. वेगळे डबे, वेगळे नळ, वेगळ्या शाळा, हे सगळं १९६० च्या दशकापर्यंत चाललं. म्हणजे आज तुमच्या कॉलवर असलेल्या माणसाच्या आईने हे भोगलेलं असू शकतं. गवताचे घागरे, भाले, 'हुगा बुगा' यातलंही काहीच नको. कुणी म्हणालं 'अगं गंमत आहे' तर त्याला विचारा की तुझ्या आजोबांच्या जातीची नक्कल करून कुणी बक्षीस मिळवलं तर चालेल का. गप्प बसतात.

त्यानंतर तीन वर्षं ऑफिसात आणि एकदा घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत हा कार्यक्रम केला. त्यात काय जमलं, काय फसलं, ते जसं आठवेल तसं लिहितेय.

आधी तारखेचं बघा

फेब्रुवारीच का हे ऑफिसात कुणालाच माहीत नसतं, ते पहिल्याच मेलमध्ये दोन ओळीत सांगून टाका. कार्टर वूडसन नावाचे इतिहासकार होते, आईवडील गुलामीतून सुटलेले, स्वतः हार्वर्डमधून डॉक्टरेट, त्यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरून हे सुरू केलं, कारण त्या आठवड्यात अब्राहम लिंकन आणि गुलामीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस या दोघांचे वाढदिवस लोक आधीच साजरे करत होते. चांगला कार्यकर्ता नवीन सण काढत नाही, असलेल्या सणाला आपलं काम जोडतो, हे आपल्याला टिळकांमुळे वेगळं सांगायला नको. १९७६ पासून आठवड्याचा महिना झाला. ब्रिटनमध्ये मात्र हा महिना ऑक्टोबरात असतो, १९८७ पासून, त्यामुळे क्लायंट लंडनचा असेल तर तुमची टक्कर नवरात्र-दिवाळीशी आहे.

आपल्याकडचा फेब्रुवारी पण रिकामा नाही. १९ ला शिवजयंती, २७ ला मराठी भाषा गौरव दिन. ऑफिसात मी पहिला आठवडा धरते. सोसायटीत तर फेब्रुवारी विसराच, बारावीच्या परीक्षा सुरू असतात आणि तुम्ही खाली पोडियमवर ढोल वाजवलात की चौदाव्या मजल्यावरून एखादी आई अशी खाली येईल की कार्यक्रम तिथेच संपेल. सोसायटीसाठी सगळ्यात छान दिवस म्हणजे ११ ते १४ एप्रिल, फुले जयंती ते आंबेडकर जयंती. आणि हे ओढूनताणून जोडलेलं नाहीये. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, त्याची अर्पणपत्रिका काढून बघा, अमेरिकेत काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना ते पुस्तक अर्पण आहे. पुण्यात बसून! आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या ब्लॅक विचारवंताला पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून घेतलं, तर अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडून, ती १९६६ ची. आणि १९५९ ला मार्टिन लूथर किंग भारतात आले तेव्हा आपल्या गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते. एवढं सगळं एका मोठ्या चार्टवर लिहून लिफ्टच्या बाजूला लावा, बास, प्रस्तावनेच्या भाषणाची गरजच उरत नाही. आमच्याकडे लोक लिफ्ट सोडून वाचत उभे राहिले होते.

शब्द कुठले वापरायचे

यावर फार वेळ घालवू नका पण चूकही करू नका. लिहिताना 'ब्लॅक' किंवा 'कृष्णवर्णीय'. 'आफ्रिकन अमेरिकन' म्हणजे फक्त अमेरिकेतले, नायजेरियातून शिकायला आलेल्या मुलाला तसं म्हणू नका. आपल्या जुन्या पुस्तकांत 'निग्रो' सर्रास सापडतो, तो वाचताना आला तर आला, आपण नव्याने लिहायचा नाही. 'हबशी' हा शब्द मुळात हबसाण म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, त्यावरून आला पण आपण तो शिवीसारखा वापरून वापरून खराब केलाय, त्यामुळे तोही नको. आफ्रिकेतून आपल्याकडे आलेल्यांचे वंशज असलेले सिद्दी लोक स्वतःला सिद्दी म्हणतात, तेच म्हणा.

आणि 'काळू'. आपण हे लाडाने म्हणतो असं सगळ्यांना वाटतं. वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी २०२० मध्ये उघड बोलला की आयपीएल खेळताना त्याला त्या नावाने हाक मारायचे, त्याला वाटायचं की तगडा घोडा वगैरे काहीतरी अर्थ असणार, खरा अर्थ खूप नंतर कळला आणि तो भडकला. ज्याला हाक मारता त्याला अर्थ कळल्यावर जे वाटेल तेच त्या शब्दाचं खरं वजन. हे मी कार्यक्रमात सांगितलं तेव्हा आमच्याच टीममधला एक सावळा मुलगा नंतर पँट्रीत येऊन म्हणाला, मला पण शाळेत आफ्रिकेवरूनच चिडवायचे. सात वर्षं शेजारच्या डेस्कवर बसतो, कधी बोलला नव्हता.

कँटीन

आता भाकरी. माझ्या मते सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चालणारी गोष्ट हीच आहे.

ज्वारी, बाजरी, नाचणी, ज्यांच्याशिवाय महाराष्ट्राचं ताट पुरं होत नाही ती तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली आहेत. ज्वारी सुदानकडची, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरातली. तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी गवतातून ती निवडून निवडून पिकवली आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. चिंच आफ्रिकेतली. चवळी आफ्रिकेतली. कॉफी इथिओपियाची. म्हणजे आपली घाटावरची आजी जी भाकरी थापते त्या पिठामागे कुणातरी आफ्रिकन बाईचं डोकं आहे. कँटीनवाल्याला मी म्हटलं, दादा, वेगळं काही करू नका, फक्त बुधवारी तीन प्रकारच्या भाकऱ्या, चवळीचा रस्सा आणि चिंचेचं सार ठेवा, आणि प्रत्येकापुढे एक पाटी लावा की हे कुठून आलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, त्याला वाटलेलं मी पास्तासारखं काहीतरी आफ्रिकन करायला सांगणार. दीड वाजता भाकऱ्या संपल्या. भात-चवळी शेजारी ठेवलीत तर तीही गोष्ट सांगता येते, अमेरिकेच्या दक्षिणेत एक जानेवारीला चवळी-भात खातात, हॉपिंग जॉन म्हणतात, वर्षभर पैसा येतो अशी समजूत. गम्बो नावाचं तिकडचं कालवण आहे, तो शब्दच मुळात अँगोलाकडच्या भाषेतलं भेंडीचं नाव.

हौस असेल तर जोलोफ राइस करा, टोमॅटो-कांदा-मिरचीच्या वाटणात शिजवलेला भात, नाव सेनेगलच्या वोलोफ लोकांवरून. नायजेरिया आणि घाना यांच्यात कुणाचा जोलोफ भारी यावर इतकं भांडण चालतं की त्यापुढे आपलं मामलेदारची मिसळ की कोल्हापूरची हे काहीच नाही. पण ज्याला येतो त्याच्याकडून शिकून करा, बिर्याणी मसाला टाकून 'आफ्रिकन राइस' अशी पाटी लावू नका प्लीज.

एक मात्र सांभाळा. फेब्रुवारीत वाशीच्या एपीएमसीत कलिंगडाचे ढीग लागलेले असतात, स्वस्त असतं, कँटीनवाला हमखास ठेवणार. कलिंगडही आफ्रिकेतलंच, म्हणून तुम्हाला वाटेल थीममध्ये बसतं. या कार्यक्रमात ठेवू नका. गुलामी संपल्यावर काळी माणसं कलिंगड पिकवून विकून स्वतःच्या पायावर उभी राहायला लागली तर तिकडच्या गोऱ्यांनी त्याचीच टिंगल सुरू केली, पोस्टकार्डं काय, व्यंगचित्रं काय, आणि ती जखम अजून ओली आहे. तळलेल्या चिकनचंही तसंच. अमेरिकेत यावरून कॉलेजच्या मेसवाल्यांना माफ्या मागाव्या लागल्यात. गुरुवारी ठेवा कलिंगड, बुधवारी नको.

गोधडी

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा लांबण लागणार आहे.

अलाबामात एका नदीच्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे, पेटवे नावाच्या मळेवाल्याच्या गुलामांचे वंशज तिथे राहतात, अजूनही कित्येकांचं आडनाव पेटवेच. तिथल्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या, जुन्या जीन्सच्या, पिठाच्या पोत्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडी वाजू नये म्हणून, कला म्हणून नाही. २००२ मध्ये त्या गोधड्यांचं ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये प्रदर्शन लागलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये, आणि २००६ ला अमेरिकेच्या पोस्टाने त्यांचे स्टँप काढले. आता इकडे या. कारवारच्या वर, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलात सिद्दी राहतात, ज्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले, पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेलं, तिथून काही पळून रानात शिरले. त्यांच्यातल्या बायका कवंदी शिवतात. ती पण जुन्या कपड्यांची. ती पण पोराबाळांना पांघरायला. आणि आपल्या घरी माळ्यावर आईची गोधडी किंवा वाकळ असतेच. तिन्ही शेजारी ठेवून बघा, नात्यातल्या बायका वाटतात.

ऑफिसात हे करायचं तर असं करा. आधी सगळ्यांना सांगा घरून एक-एक जुना सुती कपडा आणा, धुतलेला, नायलॉन-जॉर्जेट नको कारण सुई सरकते. खालच्या थराला जुनी सुती साडी दुहेरी घ्या. एचआर ग्लू गन आणायला सांगेल, ऐकू नका. मशीनही नको. मोठ्या डोळ्याची सुई, जाड दोरा, आणि साधा धावदोरा. कवंदी शिवायची पद्धत आपल्यापेक्षा थोडी वेगळी, आपण आधी ठिगळं मांडून मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळी मारतो, सिद्दी बायका एका कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेने फिरत आत येतात, आणि ठिगळ जसं जसं लागेल तसं लावत जातात, म्हणजे आराखडा आधी नसतोच. ठिगळाची कड नखाने आत दुमडायची, अंगठ्याने दाबायची, चार टाके मारायचे, पुढे सरकायचं. पहिले दोन दिवस सगळ्यांचे टाके बेडकासारखे उड्या मारत होते. तिसऱ्या दिवशी सिक्युरिटीतल्या एक ताई, सोलापूरकडच्या, सहज बघायला आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पंधरा मिनिटांत वीतभर काम असं करून दिलं की आमचे दोन मॅनेजर गुपचूप आपले टाके उसवायला लागले. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून त्रिकोणी फुलं लावायची, सिद्दी बायका फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. दोन फूट बाय दोन फुटाला आम्हाला सहा लंच ब्रेक लागले. ती आता रिसेप्शनच्या भिंतीवर आहे, शेजारी एक छोटी पाटी, त्यात गीज बेंड आणि यल्लापूर दोन्हींची नावं आहेत. नावं टाकलीच पाहिजेत, नाहीतर उद्या कुणीतरी विचारतं की ही डिझाइन कुठल्या ब्रँडची.

आणि आपण शिवलेली आपल्याकडे ठेवायची, विकायची नाही. भेट द्यायला हव्या असतील तर सिद्दी बायकांच्या गटांकडूनच विकत घ्या, आणि घासाघीस करू नका, ठाण्याच्या तलावपाळीवर भाजी घेत नाही आहात.

गाणी

साठ गाण्यांची प्लेलिस्ट करून दिवसभर स्पीकरवर सोडून देणं म्हणजे काहीच न करणं, तिसऱ्या गाण्याला लोक इअरफोन घालतात. त्यापेक्षा पाऊण तास, सहा गाणी, आणि प्रत्येकाआधी दोन मिनिटं बोलणं. सुरुवात पोवाड्याने करा. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी 'जी जी र जी' करून उचलतात. आता शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांचं गाणं लावा, एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. मग चर्चमधलं गॉस्पेल, तिथेही तेच. मग ब्लूज, काळ्या लोकांची सुखदुःखाची गाणी. मग अमेरिकेची नीना सिमोन किंवा दक्षिण आफ्रिकेची मिरियम मकेबा, दोघी गायिका, जी आवडेल ती. कानाला जोडणी आपोआप लागते, व्याख्यान द्यायला लागत नाही. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकलीय त्यांना ब्लूज समजवावा लागत नाही हा माझा अनुभव, आमच्या एका काकूंनी तर डोळे पुसले आणि शब्द एकही कळला नव्हता.

मधे मुंबईची गोष्ट पेरा. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले ब्लॅक जॅझ वादक येऊन राहिले, लिऑन अबी १९३५ ला आपला बँड घेऊन आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड तर इकडेच रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. स्वतःच्या देशात ज्या हॉटेलांत त्यांना पुढच्या दाराने आत घेतलं नसतं तशा हॉटेलात ते इथे स्टेजवर होते. त्यांच्याकडून गोव्याचे पोरगे शिकले, त्यातला चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवाला पुढे आपल्या सी. रामचंद्रांचा सहाय्यक झाला, आणि तिथून तो ठेका हिंदी सिनेमात असा मिसळला की आपल्या वरातीत वाजणारा बँडही त्याच घराण्यातला म्हणायला हरकत नाही.

सोसायटीतल्या पोरांना मात्र हे सगळं नको असतं, त्यांना रॅप हवा असतो. उत्तम. त्यांना सांगा हिपहॉपचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ धरतात, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या बिल्डिंगच्या हॉलमध्ये, डीजे कूल हर्क नावाच्या जमैकाहून आलेल्या पोराने गाणी वाजवली. पण पार्टी काढली होती त्याच्या बहिणीने, सिंडीने, कारण तिला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. म्हणजे बिल्डिंगचा कॉमन हॉल आणि वर्गणी! आमच्या पोरांना हे इतकं आवडलं की त्यांनी बी विंगच्या क्लबहाऊसमध्ये मराठीत रॅप केला, विषय पाण्याचा टँकर. सेक्रेटरींना आवडला नाही, बाकी सगळ्यांना आवडला. लाउडस्पीकर दहाला बंद, हे सांगायला नको. आणि हॉल भाड्याने घेऊन रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर गाण्याच्या लायसन्सचं आधी विचारून घ्या, ऐनवेळी मॅनेजर हात वर करतो.

कलाकार बोलवायचे असतील तर

सिद्दी धमाल बोलवायचं मनात असेल तर खूप छान, पण हे रीलसाठी मागवायचं काम नाही. गुजरातेत जांबूर, रतनपोर, भरूच, जामनगर इकडे सिद्दी वस्त्या आहेत, त्यांचा धमाल किंवा गोमा हा मुळात बावा गोर या पीराच्या भक्तीचा नाच आहे. मुगरमान नावाचा पायावर उभा राहणारा मोठा ढोल, मलुंगा नावाचं धनुष्यासारखं तंतुवाद्य, आणि शेवटी नारळ हवेत उडवून डोक्यावर फोडतात. आपले लोक फक्त नारळाची वाट बघत मोबाइल धरून उभे राहतात. तसं होऊ द्यायचं नसेल तर आधी दहा मिनिटं त्यांच्यातल्याच कुणाला बोलू द्या, बावा गोर कोण, वाद्यं कुठली, आणि त्याच जांबूरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, सिद्दी बायकांना बचतीला आणि शिक्षणाला लावण्यासाठी, हेही सांगा. कर्नाटकातला गट बोलावलात तर त्यांच्याकडे डमाम वाजतो आणि बायका चक्क फुगडी घालतात, आमच्या मंगळागौरवाल्या खुर्चीवरून उठल्याच असत्या.

संपर्कासाठी उदयपूरच्या वेस्ट झोन कल्चरल सेंटरला लिहा, त्यांच्या महोत्सवांत सिद्दी गट येतात. पत्रात तारीख, जागा, किती जण, किती मिनिटं हे लिहा, आणि मानधन किती ते त्यांनाच विचारा. प्रवास, राहणं, जेवण वेगळं. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य ज्या कमिटी मेंबरच्या तोंडून निघेल त्याला चहा आणायला पाठवा. पैसे त्याच संध्याकाळी हातात किंवा खात्यात, अकाउंट्सची पंचेचाळीस दिवसांची सायकल लोककलाकाराला लावायची नाही, यासाठी मला फायनान्सशी खरोखर भांडावं लागलं होतं. चामड्याची वाद्यं ठाण्याच्या दमट हवेत ढिली पडू शकतात, शेकायला जागा लागेल का ते आधी विचारा, नाहीतर तुमचा फायर सेफ्टीवाला ऐनवेळी धावत येतो.

आणि शिवजयंतीच्या महिन्यात सिद्दी म्हटलं की कुणीतरी हात वर करणारच, सिद्दी म्हणजे जंजिऱ्याचे, महाराजांचे शत्रू ना? आमच्याकडे केला होता. प्रश्न बरोबर आहे, टाळू नका. जंजिरेकर सिद्दी शत्रू होते, आणि पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहरही. पण त्याच वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा महाराजांच्या बाजूने जौहरशी लढले. आणि त्याच्याही आधी मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून कितीदा विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने गनिमी काव्याने हैराण केलं, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर त्याची. १६२६ ला गेला, कबर खुलताबादला आहे. हे सांगितल्यावर ज्याने हात वर केला होता त्यानेच विचारलं, मग हे शाळेत नीट का नाही शिकवलं. मला काय माहीत.

पाहुणे आणि शेजारी

नवी मुंबईत खारघर, कोपरखैरणे, उलवे इकडे आफ्रिकेतल्या देशांतून शिकायला आणि व्यापाराला आलेली माणसं राहतात. कार्यक्रमाला त्यांना बोलवा, पण पाहुणे म्हणून. आधी एक दिवस जाऊन चहा प्या, मग बोलवा. 'डान्स करून दाखव' नाही. केसांना हात नाही, कितीही कुतूहल असलं तरी. फोटो विचारून. देशाचं नाव विचारा आणि लक्षात ठेवा, आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत आणि केनियाच्या मुलीला नायजेरियाचं विचारणं म्हणजे तुम्हाला कुणी चेन्नईच्या हवेबद्दल विचारण्यासारखं. स्टुडंट व्हिसावर काम करून पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे 'परफॉर्म कर, पैसे देतो' असं म्हणून त्या पोराला अडचणीत टाकू नका.

आमच्या सोसायटीत कार्यक्रमाच्या आदल्या महिन्यातच एका फ्लॅटमालकाला तोंडावर सांगितलं होतं की 'त्या लोकांना' भाड्याने द्यायचं नाही. मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही. मीही नाही. मग आम्ही स्टेजवर मिरियम मकेबा लावणार आणि गेटवर रजिस्टरमध्ये त्या मुलाकडून दोनदा सही घेणार, हे कसं चालायचं? तेव्हा कार्यक्रमाच्या बजेटआधी कमिटीकडून एक ओळ लिहून घ्या, भाडेकरूची कागदपत्रं आणि पोलीस व्हेरिफिकेशन सगळ्यांना सारखं, रंग-देश बघून नाही. आमच्याकडे ही ओळ पास व्हायला तीन मीटिंगा लागल्या. धमालचं बजेट एका मीटिंगमध्ये पास झालं होतं.

ऑफिसातही तसंच. अटलांटाच्या लीडला आम्ही दुसऱ्या वर्षी विचारलं की तू बोलशील का, आणि नाही म्हणालीस तरी चालेल हे मेलमध्येच लिहिलं. दर फेब्रुवारीत त्यांनाच उभं करून 'तुमचं दुःख सांगा' म्हणायचं हा एक वेगळाच जाच असतो. ती म्हणाली दुःख नाही, मी माझ्या आजीच्या क्विल्टबद्दल बोलीन. इकडचे सात, तिकडचे सकाळचे साडेआठ, तिने कॅमेऱ्यासमोर क्विल्ट उलगडली आणि आम्ही आमची गोधडी धरली. तिने पहिलं काय विचारलं असेल तर, तो डाव्या कोपऱ्यातला इतका सुंदर टाका कुणाचा? सिक्युरिटीच्या ताईंना खालून बोलावून आणलं.

सहलीचंही बघून ठेवा, टीम आउटिंगचं बजेट असतंच. रिसॉर्टच्या ऐवजी मुरूड. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या बोटीने जंजिऱ्यात जातात, बोटवाले तोफांच्या गोष्टी भरपूर सांगतात, सगळ्या खऱ्या मानू नका. सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. पण किल्ला बघून परत फिरू नका, राजपुरीजवळच खोकरीला सिद्दींच्या तीन घुमटाकार कबरी आहेत, दगडातलं नक्षीकाम शांतपणे बघता येतं, आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त दोन शेळ्या होत्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा मे महिन्याच्या आत जाऊन या, सकाळी लवकर निघा नाहीतर वडखळला अडकाल. खोकरीला आम्हाला चहासुद्धा मिळाला नाही. भाकरी-ठेचा बांधून न्या.